डबा कशानं फोडायचा?

कोकणातल्या आंब्याच्या हंगामाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात आंबा डझनावर मोजतात, दुसऱ्या भागात किलोवर. मे महिना निम्मा सरतो, पेटीचे भाव उतरतात, वळवाचा पाऊस येऊन डागी फळ वाढतं आणि बागायतदार उरलेला आंबा कॅनिंगला घालायला लागतात. ‘यंदा कॅनिंगचा दर काय निघाला?’ हा मग रत्नागिरीपासून देवगडपर्यंत चहाच्या टपरीवरचा विषय होतो. दर कुणालाच पुरेसा वाटत नाही, ही गोष्ट वेगळी. या आंब्याचा रस ८५० ग्रॅमच्या पत्र्याच्या डब्यात बंद होतो आणि त्यातले काही डबे पुण्यामुंबईच्या नातेवाइकांच्या माळ्यावर जाऊन बसतात. गणपतीत, दिवाळीत, नाहीतर जावई अवचित आला की एखादा डबा खाली उतरतो. सगळे पानावर बसलेले असतात, पुऱ्या तळून होत आलेल्या असतात आणि आतून आवाज येतो: अरे, तो कटर कुठे ठेवलाय?

आमच्या घरात या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नाही. पुरणयंत्र कुठल्या कपाटात आहे, सोऱ्याच्या चकत्या कुठल्या डबीत आहेत, करंजीचं कातणं कुठल्या खिळ्याला अडकवलंय, हे मी झोपेतही सांगेन. टिन कटरला अशी जागा नाही. तो ज्या खणात असतो तिथे मेणबत्त्या, रबरबँड, मिक्सरचं एक जास्तीचं पातं, कुकरच्या जुन्या रिंगा आणि कधीच्या काळी संपलेली वॉरंटी कार्डं अशी मंडळी राहतात. तसं पाहिलं तर पुरणयंत्रही होळीला आणि फारतर आणखी एकदोनदाच बाहेर निघतं. तरी त्याला मान आहे, कारण त्यातून पुरण बाहेर येतं. कटरमधून काहीच बाहेर येत नाही. तो वाटेतला पत्रा तेवढा बाजूला करतो. अशा वस्तूला घरात वाली नसतो, आणि म्हणूनच ती घेताना निदान थोडी अक्कल खर्च करावी, असं माझं मत झालं आहे.

माझे सासरे, अण्णा, डबा सुरीनं फोडत. भाजीच्या सुरीनं नव्हे. त्यासाठी मुठीला सुतळी गुंडाळलेली एक जाड सुरी वेगळी ठेवलेली होती. फरशीवर ओलं फडकं, त्यावर डबा, कडेच्या आतल्या बाजूला सुरीचं टोक आणि वरून बत्त्याचा ठोका. मग सुरी उपसून अर्ध्या बोटाच्या अंतरावर पुन्हा ठोका. दुसऱ्यातिसऱ्या ठोक्याला रसाची चिळकांडी उडायची, ती हमखास भिंतीवरच्या कॅलेंडरवर. पाऊण वर्तुळ पुरं झालं की पक्कडीनं पत्रा वर उचलायचा. मागे राहिलेली कड इतकी वेडीवाकडी आणि धारदार असे, की पोरांना दाराबाहेर उभं केलं जाई. हात न कापता त्यातून रस काढणं हे काम सुनांचं. एकदा कुणीतरी त्यांना कटर आणून दिला. अण्णांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “हे खेळणं आहे.” त्या काळी आमच्या गल्लीत मिळणारे कटर पाहता त्यांचं म्हणणं फारसं चूक नव्हतं.

डबा आणि तो उघडण्याचं साधन एकाच वेळी जन्माला आलं असेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात डबा जवळजवळ ४५ वर्षांनी थोरला. निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्यानं काचेच्या बाटलीत अन्न भरून, बूच मारून, ती उकळत्या पाण्यात ठेवून टिकवण्याची रीत बसवली. १८१० साली ती छापून जाहीर केल्याबद्दल सरकारनं त्याला १२,००० फ्रँक दिले. अन्न का टिकतं हे त्याला माहीत नव्हतं, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पाश्चरचं काम अजून अर्धं शतक लांब होतं. त्याच १८१० मध्ये पीटर ड्युरँडनं इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि १८१३ पर्यंत लंडनच्या बर्मंडसी भागात डाँकिन आणि हॉल यांच्या कारखान्यातून असे डबे आरमाराला आणि लष्कराला जाऊ लागले. जाड लोखंडी पत्रा, वर कथलाचा मुलामा, सांधे डागाचे. आर्क्टिककडे निघालेल्या पॅरी या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याच्या जहाजांवरही असे डबे होते, आणि ते कसे उघडायचे याची त्या काळच्या डब्यांवरची सूचना अशी, की छिन्नी-हातोडा घ्या आणि वरचा पत्रा कडेलगत गोल कापा. सैनिक संगिनीनं भोसकत. म्हणजे अण्णांची रीत चांगली आरमारी होती. हे त्यांना सांगायला हवं होतं, फार खूश झाले असते.

पत्रा पातळ झाल्यावर आणि डब्याला वर काठ आल्यावर ओपनरची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात आली. १८५५ मध्ये रॉबर्ट येट्स या इंग्रज सुऱ्या-कात्र्यांच्या कारागिरानं एक नखीवाला ओपनर काढला, १८५८ मध्ये अमेरिकेत एझ्रा वॉर्नरनं दुसरा. वॉर्नरचं हत्यार घरात ठेवायला इतकं धोक्याचं वाटे, की अमेरिकेतले वाणी गिऱ्हाइकाला डबा दुकानातच फोडून देत. १८७० मध्ये विल्यम लायमननं कापणारं चाक आणलं. १९२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टार कंपनीनं त्या चाकाच्या जोडीला दुसरं, दातेरी चाक बसवलं. हे दुसरं चाक डब्याच्या काठाला खालून चावतं आणि डब्यालाच फिरवत नेतं. आज पुण्याच्या तुळशीबागेत आपण जो ओपनर हातात घेऊन पाहतो तो या १९२५ च्या ओपनरचाच वंशज. अधल्यामधल्या शंभर वर्षांत त्याच्या मुठीचे रंग तेवढे बदलले.

छिन्नीला हसायचं मात्र आपल्याला कारण नाही. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा कित्येक घरांत आजही स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीनंच फोडतात. त्याचंही एक शास्त्र आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन भोकं पाडायची, एक तेल बाहेर यायला, दुसरं हवा आत जायला. एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं आणि अर्धं ओट्यावर सांडतं. डबा रिकामा झाला की पूर्वी तो पत्रेवाल्याकडे जाई. तो वरचा पत्रा कापून, कडा दुमडून, बिजागरीचं झाकण आणि कडीकोयंडा बसवून देई, आणि पुढची वीस वर्षं त्यात तांदूळ राहत. ओपनर विकणाऱ्यांच्या जगात या डब्याला स्थानच नाही, कारण काटकोनी कोपऱ्यावर चाक वळत नाही. आपल्या घरांतल्या सगळ्यात मोठ्या डब्याला कुठलाच ओपनर लागू पडत नाही, ही गोष्ट खरं तर कारखानदारांनी मनाला लावून घ्यायला हवी.

मी तुळशीबागेत गेले ती गणपतीच्या आधी. जुन्या कटरची किल्ली गंजून जागच्या जागी बसली होती. दुकानदारानं समोर चारपाच प्रकार मांडले. मी विचारलं, “यातला टिकाऊ कुठला?” तो म्हणाला, “काकू, सगळेच टिकतात. वापरतंय कोण?”

पुणेरी दुकानदाराच्या उत्तरात बहुधा अर्धं ज्ञान आणि अर्धा अपमान असतो, पण इथे त्यानं नेमकं चुकीचं बोट नेमक्या जागी ठेवलं होतं. आपल्याकडचा ओपनर वापरून झिजत नाही, न वापरल्यानं मरतो. डबा फोडताना चाकांच्या दातांत रसाचा, नाहीतर कंडेन्स्ड मिल्कचा पापुद्रा बसतो. पंगत खोळंबलेली असते, म्हणून तो नळाखाली नुसता धरला जातो आणि ओलाच खणात पडतो. मग आषाढ-श्रावण. त्या दमट खणात साखर आणि पाणी मिळून जे करायचं ते करतात. मुलामा सुटतो, आसाला गंज धरतो, दातांत काळं काहीतरी साठतं, आणि पुढच्या वेळी तेच चाक आपण रसातून फिरवतो. तेव्हा ओपनर निवडताना धार किती याच्याइतकाच मोठा प्रश्न हा, की आपण त्याला विसरून गेलो तर तो किती सोसेल.

त्या हिशेबानं मांडलेला माल पाहू.

पहिला प्रकार सोंडेचा. एक वाकडं पातं, कधी लाकडी मूठ, शेजारी बाटलीचं बूच काढायची खाच. चाक नाही, किल्ली नाही, हलणारा भागच नाही. विसरून जायला याच्यासारखी वस्तू नाही. पाच वर्षांनी काढा, पुसा, चालतो. पण त्याला मनगटाचा जोर लागतो, आणि सोंड निसटली की ती सरळ डबा धरलेल्या डाव्या हाताकडे येते. कड वेडीवाकडी राहते ती राहतेच. याच जातीचा एक धाकटा भाऊ अमेरिकेच्या लष्करानं १९४२ मध्ये काढला. पी-३८ म्हणून ओळखला जाणारा हा ओपनर जेमतेम दीड इंचाचा. बिजागरीवर दुमडणारं इवलंसं पातं आणि एक खाच. सैनिक तो गळ्यातल्या बिल्ल्याबरोबर अडकवत. ट्रेकला जाणाऱ्या पोरांनी असा एखादा जरूर सोबत ठेवावा. पानावर बसलेल्या जावयासमोर मात्र त्यानं डबा फोडायला घेतला तर पुऱ्या निवतील.

दुसरा, आपल्या ओळखीचा, दोन दांड्यांचा आणि फुलपाखरासारख्या किल्लीचा. हा नीट चालताना पाहण्यासारखा असतो. दांडे उघडायचे, डब्याचा काठ दोन चाकांच्या मधे येईल असा ओपनर वर टेकवायचा आणि दांडे दाबायचे. पातं पत्र्यात घुसतं तेव्हा बारीक ‘फुस्’ असा आवाज येतो. तो ऐकायचा. रस गरम भरून डबा बंद केलेला असतो, तो निवताना आत हवेचा दाब कमी होतो, म्हणून भोक पडताच बाहेरची हवा आत ओढली जाते. हा आवाज आला म्हणजे डबा घट्ट होता. उलट डब्यातूनच जोरानं काही बाहेर आलं, किंवा डबा आधीच फुगलेला असला, तर पुढे न फोडता तो टाकून द्यावा, चव बघायलासुद्धा बोट लावू नये. आमरस आंबट असल्यानं त्यात सगळ्यात घातक जंतू सहसा वाढत नाही. मटार, मासे, मटण यांच्या डब्यांना ही सवलत नाही, म्हणूनच तर ते कारखान्यात दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवावे लागतात.

तर, पातं आत गेलं. आता किल्ली फिरवायची. डबा गोल फिरत येतो आणि ओपनर हातात जागच्या जागी राहतो. ज्या हाताला विळीची सवय आहे त्याला हे चटकन साधतं, कारण विळीवरही पातं बसून असतं आणि भाजीच त्याच्याकडे नेतात. ज्यांना ओपनर जमत नाही ते बहुतेक ओपनर डब्याभोवती पळवायला बघतात. डबा पळू द्यावा. आणि वर्तुळ पुरं करू नये. शेवटचं बोटभर राखावं आणि चमच्याच्या दांड्यानं झाकण वर उचलावं. पुरं कापलं की झाकण आत पडतं, आणि त्याच्या पाठीवर गोदामापासून माळ्यापर्यंतची सगळी धूळ असते. डबा फोडण्याआधी वरून धुऊन पुसायचा असतो, हे दहा घरांत विचारून पाहा. नऊ घरं विषय बदलतील.

या प्रकारात घेताना काय बघायचं? दांडे मिटून ओपनर उजेडाकडे धरावा. पातं आणि दातेरी चाक यांच्यामधून आरपार फट दिसली तर तो डबा चावणार नाही, घसरेल. काही ओपनरांत दोन्ही चाकांच्या मागे एकमेकांत अडकणारे दाते असतात, त्यामुळे किल्ली फिरवली की पातंही फिरतं. तसा मिळाला तर चार पैसे जास्त द्यावेत. किल्ली लांब हवी. आखूड, पातळ पत्र्याची किल्ली बोटांच्या पेरांत रुतते आणि अर्ध्या डब्यावर हात सोडून देतो. सांधे झाकणारं प्लॅस्टिकचं कवच नको. दिसायला छान, पण पाणी आतच राहतं. पोलादाबद्दल दुकानदार छातीला हात लावून सांगेल, “कधीच गंजणार नाही.” त्याचं ऐकावं आणि सोडून द्यावं. पात्याला धार टिकायची तर पोलाद कडक लागतं, आणि कडक पोलाद थोडं तरी गंजायला तयार असतंच. अगदी न गंजणारं पोलाद मऊ निघतं, त्याची धार लवकर जाते. कोरडं करून ठेवणं आपल्याच हातात. वापरल्याबरोबर गरम पाणी, टाकाऊ टूथब्रश, कोरडं फडकं आणि खणात टाकण्याआधी तासभर ऊन. आसावर थेंबभर तेल घालायचं झालं तर खाण्याचं तेल नको, ते काही महिन्यांत चिकट होऊन बसतं. शिलाई मशीनचं तर नकोच. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याचा एक थेंब पुरे.

हे सगळे ओपनर उजव्यांसाठी केलेले असतात. माझा मुलगा डावरा आहे. तो किल्ली फिरवायला लागला की हातावर हात येऊन त्याच्या कोपरांची गाठ बसते आणि शेवटी “आई, तूच कर” म्हणून तो मोकळा होतो. अशी सुटका मिळवायला तो मुद्दाम डावरा झाला असावा, अशी मला शंका आहे.

तिसरा प्रकार अलीकडे दिसायला लागला आहे, बाजूनं कापणारा. त्याचं मर्म कळायला डब्याचा काठ नखानं चाचपून पाहावा लागतो. तो काठ म्हणजे नुसती दुमड नसते. अंगाचा पत्रा आणि झाकणाचा पत्रा एकमेकांत गुंतवून, दोनदा वळवून, वरून रूळ फिरवून चेपलेला असतो. डबा हवाबंद राहतो तो या दुमडीच्या जोरावर. जुना ओपनर दुमडीच्या आत शिरून झाकण कापतो. हा नवा बाहेरून दुमडीचाच वरचा पदर कापतो आणि झाकण काठासकट अलगद सुटतं. कड बोथट, बोट फिरवलं तरी चालतं. पातं रसाला लागत नाही, झाकण आत पडत नाही. पंगतीच्या गडबडीत याच्याइतकं सुखाचं काही नाही. अडचणी दोन. कापून झालं की नाही हे कळत नाही, झाकण जागेवरच बसलेलं दिसतं आणि माणूस गोल गोल फिरवत राहतो. आणि काठाला पोचा आलेला असेल तर तिथे हा अडून बसतो. कोकणातून एसटीच्या डिकीतून आलेल्या डब्याला पोचा नसणं दुर्मीळ.

विजेवर चालणारे ओपनरही आता मिळतात. ते मी दुकानात नव्हे, न्यू जर्सीत भाचीच्या घरी वापरले. तिथे ओपनर खणात नसतो. ओट्यावर मायक्रोवेव्हच्या शेजारी त्याची कायमची जागा आहे. राजमा डब्यातला, छोले डब्यातले, टोमॅटो आणि नारळाचं दूध डब्यातलं. ओट्याशी उभी राहून ती म्हणाली, “मावशी, हा बिघडला तर इथे दोन दिवस ब्रेड खावा लागेल.” तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याला आम्रखंड होतं, त्याचा रस ३.१ किलोच्या मोठ्या डब्यांतून येतो, आणि डबे फोडायला तिचा हाच ओपनर गाडीतून हॉलवर जातो. डबा चुंबकाला चिकटतो, बटण दाबलं की घरघरत फिरतो, झाकण चुंबकालाच लटकून राहतं. मला क्षणभर मोह झाला होता. पण आमच्या ओट्यावर मिक्सर, वॉटर फिल्टर आणि इंडक्शन यांनी आधीच प्लगवरून भांडणं मांडलेली आहेत. वर्षातून काही वेळा लागणाऱ्या पाहुण्याला तिथे खोली देणं परवडणारं नाही. जे घर रोज डबे फोडतं त्यानं विजेचा जरूर घ्यावा.

म्हाताऱ्या माणसांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. माझी आई साताऱ्याला एकटी राहते. संधिवातानं तिची बोटं वाकली आहेत. दोन दांडे दाबून धरायचे आणि त्याच वेळी किल्ली पिळायची, हे तिला आता शक्य नाही. मी तिला म्हटलं, कडीचे डबे आण. हल्ली बऱ्याच डब्यांना वरच एक कडी असते, ती ओढली की झाकण निघतं. थंड पेयांच्या कॅनवरची अशी कडी अर्मल फ्रेझ नावाच्या अमेरिकन माणसानं काढली. खाण्याच्या डब्यांवर ती नंतर पसरली. आईनं एक डबा आणला आणि फोनवर मला सुनावलं, “ज्यानं ही कडी केली त्याला नखं नव्हती का गं?” कडीखाली आधी चमच्याचा दांडा सरकवायचा, तो वर दाबून झाकणाचा पत्रा खचू द्यायचा आणि मगच ओढायचं, हे तिला दाखवल्यावर जमलं. पण कधीकधी कडीच तुटून हातात येते. अशा वेळी डबा उलटा करून तळ फोडता येतो, तळालाही बहुधा तशीच दुमड असते. काही डबे मात्र एकाच पत्र्यातून दाबून काढलेले असतात. त्यांच्या तळाला काठच नसतो, मग ओपनरला चावायला काही मिळत नाही आणि पुन्हा वरूनच खटपट करावी लागते. आईला शेवटी मी जाड मुठीचा, मोठ्या गोल किल्लीचा, बाजूनं कापणारा ओपनर नेऊन दिला. एकट्या राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईला मध्यरात्री रसगुल्ला खावासा वाटला तर तो खाता येणं, न येणं हे त्या किल्लीच्या जाडीवर ठरतं. रसगुल्ला डब्यात १९३० मध्ये कोलकात्याच्या के. सी. दास यांनी घातला. तो बाहेर काढायची सोय आमच्या सातारच्या घरात यायला बराच वेळ लागला, एवढंच.

माझ्या स्वतःच्या खणासाठी मी फुलपाखराच्या किल्लीचा, उघड्या सांध्यांचा, दोन्ही चाकांना दाते असलेला साधा ओपनर घेतला. पोच्याच्या डब्यावर तो अडत नाही, त्याच्यात लपलेलं काही नाही, आणि चुकून ओला राहिलाच तर कुठे गंज धरतोय हे डोळ्यांना दिसतं. चुलत दीर रत्नागिरीहून डबे पाठवतात. त्यांनी या वर्षी फोन करून बजावलं, “वहिनी, रस दाट आहे, पण फोडल्यावर डब्यात ठेवू नका.” त्यांचं खरं आहे. डबा बंद असतो तोवर आतला कथलाचा मुलामा बऱ्याच अंशी शाबूत राहतो. एकदा हवा आत गेली की आंबट रस त्याला खायला लागतो आणि रसाला धातूचा वास येतो. उरलेला रस लगेच काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा.

आणि ओपनर घ्यायला जाल तेव्हा एक रिकामा, धुतलेला, तळाला काठ असलेला डबा पिशवीत घालून न्या. त्याचा तळ अजून फोडायचा असतो. दुकानातच डबा उलटा ठेवून दोनतीन ओपनर त्यावर चालवून बघा, डावऱ्या माणसाला सोबत नेलंत तर त्याच्याही हातात द्या. दुकानदार काहीतरी बोलेल. बोलू द्या.